कॅनडाचा नकाशा पाण्यावरून वाचायचा

नाशिकहून वॉटर्लूला शिकायला आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘दहा प्रांत आणि तीन टेरिटरी पाठ केल्या, तरी कॅनडा डोक्यात बसत नाही. शिवाय इथे कुठलाही कार्यक्रम सुरू होण्याआधी ही भूमी न्यूट्रल, अनिशिनाबे आणि हॉडेनोशोनी लोकांची आहे, असं वाचून दाखवतात. हे लोक आहेत कुठे? आणि जमीन त्यांची, तर आम्ही भाडं कुणाला देतो?’

शेवटचा प्रश्न सर्वांत नेमका आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. मी पुण्यात भूशास्त्र शिकलो आणि गेली २२ वर्षं इथे नकाशे करतो. आधी खाणींसाठी केले. पुढची पंधराएक वर्षं मूळ रहिवाशांच्या गावांसाठी, त्यांच्या जमीनवापराचे. त्यामुळे उत्तर लांबेल, आणि ते प्रांतांच्या क्रमाने येणार नाही.

भाडं तुम्ही घरमालकाला देता आणि आजच्या कायद्याने मालक तोच. पण आपल्याकडे सात-बाऱ्याचे जुने फेरफार काढत मागे जातात ना, तसं त्याच्या कागदाच्या मागे जात राहा. वॉटर्लूच्या पूर्वेकडून ग्रँड नदी वाहते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात हॉडेनोशोनी संघातले बरेच लोक ब्रिटिशांच्या बाजूने लढले आणि त्यात न्यूयॉर्ककडची आपली जमीन गमावून बसले. भरपाई म्हणून १७८४ साली गव्हर्नर हॅल्डिमंडने त्यांना ही नदी दिली: दोन्ही काठांना सहा-सहा मैल, थेट ईरी सरोवरापासून उगमापर्यंत. एकूण साधारण साडेनऊ लाख एकर. त्याआधी त्याच वर्षी राजसत्तेने ती जमीन मिसिसॉगा लोकांकडून, म्हणजे अनिशिनाबेंकडून, तह करून घेतली होती. आणि त्यांच्याही आधी, सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत, इथे न्यूट्रल नावाने ओळखले जाणारे लोक मक्याची शेती करत होते. न्यूट्रल हे नाव फ्रेंचांनी दिलेलं, कारण दोन भांडणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये ते कुणाचीच बाजू घेत नसत. म्हणजे तुम्हाला वाचून दाखवतात त्या वाक्यात तीन थर आहेत आणि प्रत्येक थराला काळ आणि कारण आहे.

पुढचा फेरफार असा. त्या पट्ट्यातला ‘ब्लॉक २’, ९४,०१२ एकर, १७९८ साली रिचर्ड बीझ्ली आणि त्याच्या भागीदारांना विकला गेला. जमीन गहाण होती, आणि पुढे १८०५ साली पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन मेनोनाइट शेतकऱ्यांनी त्यातली ६०,००० एकर घेतली. वॉटर्लू उभं राहिलं ते या ब्लॉकवर. इतर ब्लॉकही असेच गेले. काही विकले गेले, काही नाममात्र भाडेपट्ट्याने, काहींवर लोक नुसते येऊन बसले. विक्रीचे पैसे सरकारच्या ताब्यातल्या विश्वस्त खात्यात जायचे आणि तिथून कुठे गेले याचा हिशोब आजही मागितला जातोय. त्यासाठी १९९५ साली दावा दाखल झाला. आज सिक्स नेशन्सकडे, म्हणजे याच हॉडेनोशोनी संघाच्या इथल्या लोकांकडे, साडेनऊ लाखांपैकी साधारण ४६,००० एकर उरली आहे. लोक गेलेले नाहीत. तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, ब्रँटफर्डच्या पलीकडे ओश्वेकन गाव आहे. मोहॉक, ओनायडा, ऑनंडागा, कयूगा, सेनेका आणि टस्करोरा अशी सहाही राष्ट्रं तिथे आहेत.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. ती कळली की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. कॅनडात मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या तीन वेगवेगळ्या हद्दी असतात आणि बाहेरून आलेला माणूस त्या एकच समजतो. पहिली मुलखाची: जिथे ते लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकार, मासेमारी, शेती करत, फिरत आणि आपली माणसं पुरत आले. दुसरी तहाची: राजसत्तेशी झालेल्या करारात लिहिलेलं क्षेत्र. तिसरी रिझर्व्हची: त्यातून त्यांच्यासाठी ‘राखून’ ठेवलेला लहानसा तुकडा. रस्त्यावरची पाटी फक्त तिसरी हद्द दाखवते. म्हणून गाडीतून जाणाऱ्याला वाटतं, इथून इथपर्यंत त्यांचं, बाकी आपलं. मुलूख रिझर्व्हच्या शंभर पट मोठा असू शकतो, आणि शेजाऱ्यांचे मुलूख एकमेकांवर चढलेलेही असतात. ग्रेट लेक्सच्या भागात अनिशिनाबे आणि हॉडेनोशोनी यांच्यात जुना करार आहे, ‘एक थाळी, एक चमचा’ या नावाचा. थाळी म्हणजे ही जमीन. सगळ्यांनी एकाच थाळीतून जेवायचं, गरजेपुरतं घ्यायचं, दुसऱ्यासाठी ठेवायचं, आणि पंगतीत सुरी आणायची नाही. ज्या दोन लोकांनी असा करार केला त्यांच्या मध्ये मी एक बारीक काळी रेघ ओढली, तर नकाशा सुबक दिसेल, पण चुकीचा असेल.

शब्दांचंही सांगतो, कारण तुम्हाला ते बोलावे लागतील. १९८२ च्या राज्यघटनेच्या ३५ व्या कलमात तीन गट मानले आहेत: फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी. ‘इंडियन’ हा शब्द त्या कलमात आणि १८७६ च्या कायद्याच्या नावात अजून आहे, पण आपण तो बोलण्यात वापरू नये; ‘एस्किमो’ तर मुळीच नाही. २०२१ च्या जनगणनेत हे सगळे मिळून अठरा लाखांच्या वर होते, देशाच्या पाच टक्के. मी मराठीत ‘मूळ रहिवासी’ म्हणतो. ‘आदिवासी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गडचिरोली किंवा मेळघाट येतो आणि त्या कल्पना इथे चिकटतात. इथले हे लोक स्वतःला राष्ट्र म्हणवतात आणि तह राष्ट्राराष्ट्रांत होतो, हे त्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्यायला हवं.

आता देश डोक्यात कसा बसवायचा? प्रांत बाजूला ठेवा. सस्कॅचेवानच्या चारही बाजू पाहा: दक्षिणेला ४९ वा अक्षांश, उत्तरेला ६० वा, पश्चिमेला ११० वा रेखांश, आणि पूर्वेची हद्दही मोजणीच्याच रेघेने ठरलेली. एकही नदी, एकही डोंगर या हद्दी ठरवत नाही. ती पट्टीने आखलेली प्रशासकीय चौकट आहे आणि तिचं वय १९०५ पासूनचं. तिच्याखालचा देश पाण्याने आखलेला आहे.

सगळ्यांत मोठी आकृती कॅनेडियन शील्डची. हडसन उपसागराभोवती घोड्याच्या नालेसारखा वाकलेला, देशाचा जवळपास निम्मा भाग व्यापणारा हा प्राचीन कातळ. आपल्या दख्खनचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, तर इथे नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या अकास्टा नदीकाठचा नाइस खडक ४०० कोटी वर्षांच्या आसपासचा. भूशास्त्राचा विद्यार्थी म्हणून तो तुकडा मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा बराच वेळ खाली ठेवला नव्हता. हिमयुगातल्या बर्फाच्या थराने या कातळावरची माती खरवडून दक्षिणेला नेली आणि मागे लाखो खळगे ठेवले. त्यांत पाणी साठलं. म्हणून इथे नांगर चालत नाही, पण होडी चालते. बर्च झाडाच्या सालीची हलकी कनू पाण्यात घालायची, तळं संपलं की खांद्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. त्या चालण्याच्या वाटेला पोर्टेज म्हणतात. विनिपेगच्या मुख्य रस्त्याला पोर्टेज ॲव्हेन्यू हे नाव त्यावरूनच पडलं. अनिशिनाबे, क्री, अल्गोंक्विन, इनू या लोकांचे मुलूख या पाणवाटांनी विणलेले आहेत. एका कुटुंबाचा शिकारीचा टापू बहुतेकदा एका नदीचं किंवा तिच्या एखाद्या उपनदीचं खोरं असतो. पाणलोट हीच बांधाची जागा.

गंमत बघा, परक्यांनाही हे पाणी टाळता आलं नाही. १६७० साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने हडसन्स बे कंपनीला सनद दिली: हडसन सामुद्रधुनीत आणि उपसागरात ज्या ज्या नद्या येऊन पडतात त्या सगळ्यांचा प्रदेश तुमचा. त्याने तो पाहिला नव्हता, तिथल्या कुणाला विचारलं नव्हतं. हा तोच चार्ल्स, ज्याने दोन वर्षं आधी, १६६८ साली, हुंड्यात मिळालेली मुंबई वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला दिली होती. आपला आणि इथल्या लोकांचा इतिहास एकाच टेबलावर, एकाच लेखणीने जोडला गेला आहे, आणि हे मी इथल्या मराठी मुलांना आवर्जून सांगतो. पुढे १८७० साली कंपनीने तो सगळा प्रदेश कॅनडाला तीन लाख पौंडांना दिला. त्यात राहणाऱ्यांना तेव्हाही विचारलं नाही.

त्या व्यवहाराचा पहिला धक्का रेड रिव्हरकाठी, आजच्या विनिपेगजवळ बसला. मला या देशाच्या इतिहासातला एकच क्षण निवडायला सांगितला तर मी हाच निवडीन, कारण त्यात माझ्या धंद्याचं हत्यार आहे. तिथे मेटी लोक राहत. क्री, अनिशिनाबे आयांचे आणि फ्रेंच, स्कॉटिश बापांचे वंशज, ज्यांनी स्वतःची भाषा आणि स्वतःची रीत घडवली. त्यांची शेतं नदीला काटकोनात, अरुंद आणि लांब. प्रत्येकाला थोडा नदीकाठ, मग घर, मग शेत, मागे दोन मैलांपर्यंत गवताळ रान आणि सरपण. सगळ्यांना पाणी, सगळ्यांना शेजार. आणि तिथे कॅनडाचे मोजणीवाले चौकोनी आखणी घेऊन आले. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी मेटींच्या गवताळ रानातून मोजणी चालली असताना मेटींचा पुढारी लुई रिएल आणि सोबतचे लोक आले आणि त्यांनी मोजणीच्या साखळीवर पाय ठेवला. काम तिथेच थांबलं.

ही साखळी म्हणजे गंटर साखळी, ६६ फुटांची. तुम्हाला ती परकी वाटेल, पण आपला गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट असतो. म्हणजे त्याच साखळीची अर्धी लांबी आपल्या शेतात आजही पडलेली आहे.

मोजणी पुन्हा सुरू झाली, आणि कशी! सहा मैल गुणिले सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ चौरस, प्रत्येक चौरस ६४० एकरांचा, असा बुद्धिबळाचा पट विनिपेगपासून रॉकी पर्वतांपर्यंत अंथरला गेला. विमानाच्या खिडकीतून आजही दिसतो. १८७० च्या मॅनिटोबा कायद्याने मेटी मुलांना १४ लाख एकर द्यायचं कबूल केलं होतं; ते वाटप इतकं रेंगाळलं आणि बिघडलं की २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने राजसत्तेने आपलं कर्तव्य पाळलं नाही असा निकाल दिला. रिएलला १८८५ साली रजायनात फाशी झाली.

त्या पटावर शेतकरी आणण्याआधी जमिनीचे कागद हवे होते. म्हणून १८७१ ते १९२१ या काळात अकरा क्रमांकित तह झाले. हे तह समजून घेताना एक गोष्ट कायम डोक्यात ठेवा: एका तहाच्या दोन आवृत्त्या असतात. इंग्रजी कागदावर लिहिलंय की या लोकांनी जमीन कायमची सोडून दिली. मंडपात बसून दुभाष्याकडून ऐकलेल्या आणि पिढ्यांनी तोंडी जपलेल्या आवृत्तीत आहे की जमीन वाटून घ्यायची ठरली, तीही नांगराच्या फाळाइतक्या खोलीपर्यंत; खालचं आमचंच. सहाव्या तहात, १८७६ साली फोर्ट कार्लटन आणि फोर्ट पिटला, क्री सरदारांनी घासाघीस करून दोन कलमं घालून घेतली: दुष्काळ, रोगराई आली तर मदत, आणि सरकारी एजंटाच्या घरी औषधांची पेटी. बायसन संपत आलेत हे त्यांना दिसत होतं. तीन-चार वर्षांतच सरहद्दीच्या या बाजूचे कळप नाहीसे झाले आणि मग धान्य हे लोकांना रिझर्व्हवर ढकलण्याचं साधन बनलं. या तहात पाच माणसांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल रिझर्व्ह ठरला होता. पहिल्या तहात तर फक्त १६० एकर.

तहाचे माणशी पाच डॉलर दर वर्षी अजून वाटले जातात. मी एकदा त्या रांगेशेजारी उभा होतो. सामाजिक सभागृह, लाकडी टेबल, लाल डगला घातलेला पोलीस, यादीवर सही, आणि हातात निळी पाचाची नोट. माझ्या समोरच्या आजींनी ती घडी करून पर्समध्ये ठेवली नाही, नातीच्या हातात दिली आणि तिला क्रीमध्ये काहीतरी सांगितलं. मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मी तिला सांगितलं, यात कॉफी आणि डोनट येतं, पण ही नोट येते तोवर तह जिवंत आहे.’

याच मैदानात ब्लॅकफूट लोकांचा मुलूख ४९ व्या अक्षांशाने चिरला. सिक्सिका, काइनाइ, पिकानी इकडे अल्बर्टात. त्यांचे सख्खे ब्लॅकफीट तिकडे मोंटानात. पूर्वेला मोहॉकांचं अक्वेसासने ऑन्टारियो, क्यूबेक आणि न्यूयॉर्क अशा तिघांत वाटलं गेलंय. तिथे शाळेला, दुकानाला जाताना आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडावी लागते.

रॉकी ओलांडलात की हिशोब पार बदलतो. ब्रिटिश कोलंबियात व्हँकूवर बेटावरचे १८५० ते १८५४ मधले चौदा छोटे तह आणि ईशान्येचा आठव्या तहाचा कोपरा सोडला, तर विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत जवळजवळ तहच झाले नाहीत. म्हणून व्हँकूवरला तुम्ही ‘कधीही न सोडलेली भूमी’ असे शब्द ऐकाल. तिथे मस्क्विअम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वाटूथ यांचं नाव घेतात. ते शब्द भावनेचे नाहीत, कायद्याचे आहेत. डोंगर समुद्राला खेटून, दऱ्या खोल, नद्यांत सामन मासे, किनाऱ्यावर सीडरची झाडं. थोड्या जागेत भरपूर अन्न, म्हणून थोड्या जागेत भरपूर राष्ट्रं आणि भाषा. तिथल्या मालकी हक्काचा पुरावा कसा असतो, ते न्यायालयाला शिकावं लागलं. गिटक्सान आणि वेट्सुवेटेन यांनी ५८,००० चौरस किलोमीटरवर दावा लावला, तेव्हा मेरी जॉन्सन या गिटक्सान वडीलधाऱ्या बाईंनी साक्षीत आपल्या घराण्याचं शोकगीत गायलं. ते गाणं म्हणजे त्यांचा सात-बारा. न्यायाधीशांनी आपल्याला गाण्याचा कान नाही म्हणून ते थांबवू पाहिलं, आणि १९९१ साली दावा फेटाळला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारला आणि तोंडी इतिहासाला पुरावा म्हणून जागा द्यायलाच हवी असं सांगितलं. २०१४ साली त्सिल्कोतिन लोकांना १,७०० चौरस किलोमीटरहून अधिक जमिनीवर प्रत्यक्ष हक्क मान्य झाला. देशात असं पहिल्यांदाच घडलं.

पूर्व किनाऱ्याचं थोडक्यात सांगतो. नोव्हा स्कोशियाभोवतीचा मुलूख मिक्माक लोकांचा, त्याचं नाव मिक्माकी. तिथले अठराव्या शतकातले तह शांतता आणि मैत्रीचे आहेत, त्यांत जमीन सोडल्याचा उल्लेखच नाही. डॉनल्ड मार्शल ज्युनिअर या मिक्माक गृहस्थांनी ४६३ पौंड ईल मासे धरून विकले, खटला झाला, आणि १९९९ साली न्यायालयाने १७६० च्या सुमाराच्या तहांवरून त्यांना निर्दोष ठरवलं. न्यूफाउंडलंडच्या बिओथक लोकांची गोष्ट मात्र वेगळी. शानाविडित ही त्यांच्यातली नोंद असलेली शेवटची स्त्री १८२९ साली वारली. तिने मरण्याआधी आपल्या लोकांच्या मुलखाचे नकाशे काढून ठेवले. मी नकाशे करतो म्हणून असेल, पण ते पाहताना फार त्रास होतो.

आता उत्तर. जेम्स बेच्या पूर्वेला क्री लोकांचा मुलूख, ईयू इस्ची. १९७१ साली क्यूबेक सरकारने तिथल्या नद्यांवर प्रचंड वीजप्रकल्प जाहीर केला आणि क्रींना ते बातम्यांतून कळलं. ते न्यायालयात गेले. १९७३ च्या नोव्हेंबरात न्यायमूर्ती मालूफ यांनी काम थांबवलं. आठवड्यात वरच्या न्यायालयाने स्थगिती उठवली. शेवटी १९७५ साली करार झाला, कॅनडातला आधुनिक काळातला पहिला मोठा. हडसन उपसागराच्या या काठांवर आणखी एक विलक्षण गोष्ट चालू आहे: हिमयुगाच्या बर्फाचं ओझं उतरल्यापासून जमीन अजून वर येतेय, काही ठिकाणी वर्षाला सुमारे एक सेंटीमीटर. शंभर वर्षांत एक मीटर. सपाट किनाऱ्यावर तेवढ्याने समुद्र पार दूर सरतो. म्हाताऱ्या शिकाऱ्यांना आजोबांच्या वेळच्या हंसांच्या शिकारीच्या खाड्या माहीत असतात, ज्यांत आता झुडपं उगवलीत. आम्ही शिकलो ती भूशास्त्राची आकडेमोड, त्यांची ती घरातली आठवण.

झाडांची रेषा संपली की इन्युइट नुनांगाट सुरू होतं. त्याचे चार भाग: पश्चिमेला इनुवियालुइट, मग नुनावुट, क्यूबेकच्या डोक्यावर नुनाविक, लॅब्रॅडोरच्या किनाऱ्यावर नुनात्सियावुट. नुनांगाट या शब्दात जमीन, पाणी आणि बर्फ तिन्ही येतात. आपल्या शाळेच्या नकाशात समुद्र निळा आणि रिकामा असतो. इथे वर्षातले कित्येक महिने गोठलेला समुद्रच हमरस्ता असतो. नुनावुट १ एप्रिल १९९९ रोजी वेगळी टेरिटरी झाली. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे पावणेसात पट, लोक २०२१ साली ३७ हजारांच्या आत, गावं २५, आणि एका गावातून दुसऱ्या गावाला जाणारा पक्का रस्ता एकही नाही.

या नुनावुटच्या मागे आमच्या धंद्यातली एक मोठी कामगिरी आहे. सत्तरच्या दशकात इन्युइटांनी ‘आम्ही ही सगळी जागा वापरतो’ हे दाखवायला एक पद्धत वापरली: प्रत्येक शिकाऱ्यासमोर नकाशा ठेवायचा आणि त्याने आयुष्यभर कुठे काय धरलं ते त्याला आखू द्यायचं. सील, कॅरिबू, कोल्हे, मासे, तळ. याला आम्ही नकाशा-चरित्र म्हणतो. सगळ्यांची चरित्रं एकावर एक ठेवली तेव्हा ‘ओसाड’ उत्तर रेघांनी गच्च भरून गेली. १९७६ साली तो अभ्यास तीन खंडांत छापला गेला आणि दाव्याचा पाया बनला.

मी तेच काम उत्तर ऑन्टारियोत केलं, नवव्या तहाच्या भागात, जिथे उन्हाळ्यात विमानाने आणि थंडीत गोठलेल्या दलदलीवरच्या रस्त्याने जावं लागतं. माझी पहिली मुलाखत एका आजींची. मी टेबलावर १:५०,००० चा नकाशा पसरला, वर पारदर्शक कागद चिकटवला, रंगीत पेनं मांडली. त्यांनी आधी नकाशा फिरवून घेतला. खिडकीबाहेरची नदी ज्या दिशेला वाहत होती त्याच दिशेला नकाशातली नदी आल्यावर त्या थांबल्या. माझी सगळी अक्षरं आडवी झाली. मग त्यांनी एका वळणावर बोट ठेवलं आणि त्या जागेचं नाव सांगितलं. नातवाने अर्थ सांगितला: कितीही थंडी पडली तरी इथलं पाणी धड गोठत नाही. सरकारी नकाशात त्या वळणाला नावच नव्हतं. स्नोमोबाइल घेऊन जाणाऱ्याचा जीव ज्या माहितीने वाचतो, ती त्या नावात साठवलेली होती.

त्याच कामात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती अजून सलते. मी शिकारीच्या जागा ठिपक्यांनी दाखवल्या, मधली जागा पांढरी ठेवली. पुढे एका कंपनीच्या सल्लागारांनी रस्त्याची आखणी नेमकी त्या पांढऱ्या भागातून केली आणि लिहिलं की इथे वापर आढळत नाही. तिथे मूसची, म्हणजे इथल्या थोरल्या हरणांची, पिल्लं वाढतात, म्हणून लोक मुद्दाम तिथे शिकार करत नाहीत. न जाणं हाही वापर असतो, हे मला विचारायला सुचलंच नव्हतं. तेव्हापासून ‘कुठे जाता’ याच्या जोडीला ‘कुठे जात नाही आणि का’ हा प्रश्न मी कधी चुकवत नाही, आणि नकाशा गावाच्या परवानगीशिवाय कुणाला देत नाही.

तुम्ही आता एक करा. ग्रँड नदीचा नकाशा छापून घ्या, ईरी सरोवरापासून वर. प्रमाण बघून दोन्ही काठांना सहा-सहा मैलांवर, म्हणजे साधारण दहा-दहा किलोमीटरवर, नदीच्या वळणाप्रमाणे रेघ ओढा. विद्यापीठ, मॉल, स्टेशन त्या पट्ट्यात कुठे पडतात ते मांडा, आणि तुमच्या खोलीवरही एक खूण करा. मग तो कागद घेऊन ब्रँटफर्डला जा. तिथे वुडलँड कल्चरल सेंटर आहे, शेजारी मोहॉक इन्स्टिट्यूटची विटांची इमारत. मुलांना घरापासून तोडून त्यांची भाषा मोडणारी ही निवासी शाळा १९७० पर्यंत चालली. देशभर अशा शाळांत दीड लाखांच्या आसपास मुलं गेली. ते पाहून झालं की ओश्वेकनला जा. जुलैत तिथे मोठा पॉवाव, म्हणजे नाच-गाण्यांचा मेळावा, भरतो, पाहुण्यांना मज्जाव नसतो. फोटो काढण्याआधी विचारा. आणि कुणी गप्पांना बसलं तर तुमचा तो नकाशा टेबलावर ठेवा, त्यांना हवा तसा फिरवू द्या.